बारावीनंतरच्या अभ्यासाला मूल तयार आहे का? कोकणातल्या पालकांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी

बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, कोकणचा ९६.७४. मला याचा मनापासून अभिमान आहे. तरीही याच मुलांपैकी काही जण पदवीच्या पहिल्या सत्रानंतर दोन-तीन विषयांत नापास होऊन, त्यांची एटीकेटी घेऊन गावी येतात. कुणी हॉस्टेल सोडून घरीच राहतं. घरच्यांना कळत नाही की बारावीला एवढे मार्क मिळवणाऱ्या पोराचं असं अचानक काय झालं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. परत आलेल्या मुलांशी बसून बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अडचण अचानक आलेली नसते. ती नववी-दहावीपासून असते आणि गुणपत्रिकेत झाकली जाते. आधी शोधली तर बारावीच्या वर्षातच तिच्यावर काम करता येतं. त्यासाठी आम्ही वर्गात जी तपासणी करतो, ती इथे लिहितो. घरी एका मुलासाठीही ती करता येते.

आधी एवढं ठरवा : तयार म्हणजे काय?

माझी व्याख्या साधी आहे. निवडलेल्या अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र वेगळ्या शिकवणीशिवाय नीट पार पाडता येईल, तर मूल तयार. अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची रेषासुद्धा अशाच विचाराने आखली आहे. वाचन-लेखनात ८०० पैकी ४८० आणि गणितात ५३० गुण मिळाले, तर कॉलेजच्या पहिल्या सत्रातल्या त्या विषयात किमान 'सी' श्रेणी मिळण्याची शक्यता ७५ टक्के धरतात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर अशी रेषा नसते. तिथे उत्तीर्णतेचे ३५ टक्के असतात, आणि ते बारावी संपल्याचं सांगतात, पुढचं काही सांगत नाहीत. म्हणून मोजणी आपली आपण करायची.

कल चाचणी वेगळी. मुलाला कशाची आवड आहे, ओढा कुठे आहे, हे ती सांगते. जीवशास्त्राचा कल असलेली मुलगी इंग्रजीतलं जीवशास्त्राचं पान वाचून समजू शकते का, हे त्या चाचणीत येत नाही.

काय काय लागेल

- दहावी आणि अकरावीच्या पूर्ण गुणपत्रिका, बारावीच्या घटक चाचण्यांचे तपासलेले पेपर
- सातवी ते दहावीची गणिताची पुस्तकं (बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात)
- निवडलेल्या अभ्यासक्रमाचा पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम आणि त्या सत्राची एक जुनी प्रश्नपत्रिका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तेव्हा त्याच्या संकेतस्थळावर पाहा. अभियांत्रिकीचं कॉलेज लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेलं असेल, तर तिथला अभ्यासक्रम घ्या.
- पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातली दोन पानं. गावात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेलं कुणी ना कुणी असतं, त्याच्याकडे मागा.
- घड्याळ, कोरी वही, पेन. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

पायरी १ : वेळ नीट निवडा

जून-जुलैत लावणी असते. सकाळभर चिखलात राबून आलेल्या मुलाची वाचनपरीक्षा घेतली तर तुम्ही त्याचा थकवा मोजाल. लावणी आटोपल्यावर, गणपतीच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात चांगले. दुसरी फेरी दिवाळीनंतर, कापणी-झोडणी उरकली की.

एका दिवसात सगळं उरकू नका. एका दिवशी एकच पायरी. मुलाला आधीच स्पष्ट सांगा की याचे मार्क कुठेही जाणार नाहीत, कुणाला दाखवले जाणार नाहीत. शेजारी आई-वडील बसलेले नकोत. मूल उत्तराकडे पाहण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहतं.

पायरी २ : गुणपत्रिका फोडून वाचा

एकूण टक्के बाजूला ठेवा. दहावीला सहा विषयांतल्या सर्वोत्तम पाचांची टक्केवारी निघते, त्यामुळे गणितात कसेबसे निभावलेलं मूलही ८० टक्क्यांच्या वर दिसू शकतं. शिवाय गणिताच्या १०० गुणांत ४०-४० चे दोन लेखी पेपर आणि २० अंतर्गत गुण असतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. समजा भौतिकशास्त्रात ७२ पडले आणि त्यात प्रात्यक्षिकाचे २८ आहेत, तर लेखी उरले ७० पैकी ४४, म्हणजे ६३ टक्क्यांच्या आत. प्रत्येक विषयाचे लेखी गुण असे वेगळे काढून वहीत लिहा.

मग दोन वर्षांच्या चाचण्यांचा कल पाहा. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मूल पुढे पदवी पूर्ण करील का, याचा अंदाज एका प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षा शाळेतल्या वर्षानुवर्षांच्या गुणांवरून अधिक चांगला येतो, असं त्यात दिसलं. माझ्या वर्गातही तेच दिसतं. चाचणीला नेहमी ६५ च्या आसपास राहणारी मुलं पुढे टिकतात. शेवटच्या दोन महिन्यांत ४५ वरून ८० वर गेलेल्या मुलाची मात्र पुढच्या पायऱ्यांत जास्त काळजीपूर्वक तपासणी करा.

अकरावीचे पेपर टाकून देऊ नका. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, आणि पदवीच्या पहिल्या सत्राचा पाया बराचसा अकरावीतच असतो.

पायरी ३ : वाचन

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि हीच बहुतेक ठिकाणी गाळली जाते. आपली कितीतरी मुलं मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून येतात. हुशार असतात, विषय समजलेला असतो, पण कॉलेजात एका आठवड्यात तीस-चाळीस पानं स्वतः वाचायची असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं एक पान द्या. दहा मिनिटं मनात वाचू द्या. मोठ्याने वाचायला लावू नका. उच्चार चांगला असला की आपण फसतो आणि उच्चार कच्चा असला की मूल खचतं. मग पुस्तक मिटा आणि मराठीत, मालवणीत, घरी जी बोलता त्या भाषेत विचारा :

- या पानात काय सांगितलंय?
- ते खरं मानायला कारण काय दिलंय?
- कुठल्या शब्दाचा अर्थ तू अंदाजाने लावलास?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्या. वाटतं की मूल तांत्रिक शब्दांवर अडेल. तसं फारसं होत नाही. प्रकाशसंश्लेषण त्याला मराठीतून माहीत असतं, इंग्रजी नाव दोन दिवसांत तोंडी बसतं. मूल अडतं ते 'अनलेस', 'व्हेअरअॅज', 'प्रोव्हायडेड दॅट', 'रिस्पेक्टिव्हली', 'हेन्स' अशा जोडशब्दांवर. वाक्याचा अर्थ तिथे वळतो. 'अनलेस' निसटला की वाक्य उलटं समजतं, आणि उलटं समजलंय हे मुलाला कळतही नाही.

आता तितकंच मोठं एक मराठी पान द्या. एखादा वैचारिक लेख किंवा वर्तमानपत्राचा अग्रलेख. तेच तीन प्रश्न विचारा. मराठी पान नीट सांगता आलं आणि इंग्रजी नाही, तर अडचण भाषेची आहे आणि ती सहा महिन्यांत बरीच कमी होते. मराठी पानही सांगता आलं नाही, तर अडचण वाचनाच्याच सवयीची आहे. अशा मुलाला इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घालून पैसे घालवू नका. त्याला आधी मराठीतच रोज दोन पानं वाचून कुणाला तरी सांगायची सवय लावा. आजीला सांगितलं तरी चालेल. खरं तर आजी चांगली, कारण ती मध्येच 'म्हणजे काय रे?' असं विचारते.

भाषेची अडचण असेल तर रोज इंग्रजीचं एक पान, पान वाचून मराठीत तोंडी सार, आणि जोडशब्दांची वेगळी वही. प्रत्येक शब्दापुढे नुसता अर्थ नको, पुस्तकातलं पूर्ण वाक्य लिहायचं.

पायरी ४ : गणितातल्या फटी शोधा

बारावीचं गणित तपासू नका. सातवी ते दहावीचं तपासा. अपूर्णांक, ऋण चिन्ह, गुणोत्तर, शेकडेवारी, घातांक, एककं बदलणं, सूत्रातून एक चल वेगळा काढणं, आलेख वाचणं. यांवर वीसेक छोटे प्रश्न काढा. कॅल्क्युलेटर नको, वेळेची घाईही नको. नमुन्यादाखल :

- हापूसच्या पेटीचा भाव २० टक्क्यांनी उतरला, नंतर २० टक्क्यांनी चढला. भाव मूळ जागी आला का? (नाही. मूळ भावापेक्षा ४ टक्के कमी राहतो.)
- 'व्ही = यू + एटी' (एटी म्हणजे ए गुणिले टी) यातून 'टी' वेगळा काढ.
- चौकोनी टाकीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली तर पाणी किती पट मावेल? (आठ पट.)
- दिवसभरातल्या भरती-ओहोटीचा आलेख द्या आणि विचारा : पाणी सगळ्यात झपाट्याने कधी चढत होतं?

शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. बारावीची मुलं डेरिव्हेटिव्हची गणितं पानंच्या पानं सोडवतात, पण आलेखाचा सगळ्यात तीव्र चढ म्हणजे बदलाचा सगळ्यात मोठा दर, हे त्यांतल्या कित्येकांना सांगता येत नाही. अनेक जण भरतीच्या सर्वोच्च बिंदूवर बोट ठेवतात. म्हणजे प्रकार पाठ आहेत, कल्पना बसलेली नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात हीच मुलं अडतात.

उत्तर बरोबर आलं तरी 'कसं केलंस?' हे विचाराच. चुका तीन गटांत टाका : कल्पनाच नाही, प्रश्न नीट वाचला नाही, हिशेबात घसरला. पहिल्या गटातल्या चुकांसाठी त्या-त्या इयत्तेच्या पुस्तकाकडे परत जायचं. बारावीच्या मुलाला सातवीचं पुस्तक हातात घ्यायला लाज वाटते. आमच्या वर्गात ती पुस्तकं टेबलावर कायम ठेवलेली असतात आणि आम्ही शिक्षकही ती सगळ्यांसमोर उघडतो.

जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलांनी ही पायरी टाळू नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडे कोकणातल्या कितीतरी मुलांचे डोळे असतात. कृषी आणि मत्स्यशास्त्र दोन्हीकडे संख्याशास्त्र शिकावं लागतं. वाणिज्यला जाणाऱ्यांनी शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज पक्कं करावं. कलाशाखेच्या मुलांना निदान तक्ता, सरासरी आणि आलेख वाचता आला पाहिजे. अर्थशास्त्र आणि भूगोल त्याशिवाय पुढे सरकत नाही.

पायरी ५ : न पाहिलेल्या प्रश्नावर एक पान

गाईडमध्ये उत्तर नसलेला प्रश्न द्या. आमचा नेहमीचा प्रश्न हा : 'आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलमध्ये विहिरी का आटतात?' अर्धा तास, एक पान, भाषा कुठलीही.

माहिती मुलाच्या डोळ्यांसमोरच असते. सच्छिद्र जांभा, सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा तीव्र उतार, आखूड नद्या, चार महिन्यांत पडून वाहून जाणारं पाणी. ती जोडून कारण मांडता येतं का, हे पाहायचं. चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्या : मुद्दा स्पष्ट आहे का, कारण दिलंय का, वाक्यांचा क्रम लागतो का, शब्द स्वतःचे आहेत का. १२ पैकी ८ च्या वर असेल तर मी निर्धास्त असतो. ५ च्या खाली असेल तर आठवड्याला एक पान लिहून घ्यायला सुरुवात करतो.

पाणी वाचवण्याचं महत्त्व, झाडे लावा झाडे जगवा, असं निबंधवजा लेखन पानभर आलं तर 'कारण' या रकान्यात शून्य द्या. अक्षर कितीही सुंदर असलं तरी. आणि शून्य का दिलं ते शेजारी बसून समजावून सांगा. बहुतेक मुलांना असं लिहायला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

पायरी ६ : एक आठवडा कॉलेजसारखा

स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर पहिल्या वर्षाच्या पातळीची व्याख्यानं मोफत असतात. वाडीवर रेंज नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी किंवा शाळेत उतरवून घ्या. सोमवारी एक व्याख्यान ऐकून टिपणं काढायची, मंगळवारी फक्त टिपणं बघून तो भाग सांगायचा. बुधवार ते शुक्रवार एक धडा कुणीही न शिकवता स्वतः वाचायचा. शनिवारी त्यावर पाच प्रश्न.

पालकांनी इथे एक हिशेब समजून घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता क्रेडिटवर चालते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे वर्ग, प्रयोग आणि स्वतःचा अभ्यास मिळून ३० तास धरतात. वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास, सत्राला ६००. सत्राचे साधारण १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास. यात एसटीचा प्रवास धरलेला नाही. रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत जाणार असतील, तर अभ्यासाचे तास कुठून काढायचे हे घरात बसून कागदावर मांडा.

या आठवड्यात मुलाची हुशारी बघू नका. अडल्यावर ते काय करतं ते बघा. पान उलटून पुढे जातं, वही मिटतं, की उठून कुणाला तरी विचारतं? विचारणारी मुलं पहिल्या वर्षात तरून जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आपल्याकडच्या लहान शाळांत सर-बाई स्वतः जवळ येऊन विचारतात, शेकडो मुलांच्या वर्गात कुणी येत नाही. न विचारणाऱ्या मुलाला मुद्दाम दुसऱ्या शिक्षकाकडे शंका घेऊन पाठवा. पहिल्या दोन वेळा सोबत जा, तिसऱ्या वेळी एकट्याला जाऊ द्या.

पायरी ७ : कागदपत्रं आणि घराबाहेरचं

मुलाने स्वतः करून दाखवावं असं : बँकेत जाऊन पैसे काढणं-भरणं, ऑनलाईन अर्ज न चुकता भरणं, प्राध्यापकांना चार ओळींचा ईमेल लिहिणं. कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्न, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर, आधार जोडलेलं बँक खातं. जात वैधतेला वेळ लागतो. बारावीच्या सुरुवातीलाच अर्ज करा, मे महिन्यावर ठेवू नका.

पायरी ८ : सगळं एका पानावर

वहीत तीन रकाने करा : तयार, काम हवं, मोठी दरी. वाचन, गणित, लेखन, स्वतःचा अभ्यास, व्यवहार यांपैकी प्रत्येक गोष्ट एका रकान्यात टाका. मग शेजारी पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम ठेवून ताडून बघा. एकच मूल एका अभ्यासक्रमाला तयार असतं आणि दुसऱ्याला नसतं.

इथे दोन ठिकाणी चुकीचं अनुमान निघतं. एक, सीईटीचे पर्सेंटाईल. ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, परीक्षार्थींमधलं ते मुलाचं स्थान आहे. शिवाय एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनाचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे वेग लागतो. सत्रपरीक्षेत पायरीपायरीने लिहिलेलं उत्तर लागतं. दोन्ही वेगवेगळे तपासा. दुसरं, गणपतीला आलेल्या पाहुण्यांचा सल्ला. मुंबईचे काका-मामा प्रेमाने सांगतात, पण त्यांनी या मुलाची वही पाहिलेली नसते. सल्ला द्यायच्या आधी ते एक पान त्यांच्यापुढे ठेवा.

मुलींच्या बाबतीत मला कळकळीने सांगायचंय. वही 'तयार' म्हणत असते आणि घर 'इतक्या लांब नको' म्हणतं. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. निर्णय घेण्यापूर्वी निदान हे तपासा.

निकाल सांगताना तुलना नको. एक वडील मला म्हणाले होते, 'सर, आमच्या झिलाक ब्याऐंशी टक्के पडले, आता आणखी कसली परीक्षा?' मी त्यांना मुलाचं जोडशब्दांचं पान दाखवलं आणि म्हटलं, 'हे एवढंच राहिलंय, दिवाळीपर्यंत होईल.' नेमकं काय राहिलंय आणि किती दिवसांत होईल हे सांगितलं, की पालक घाबरत नाहीत, मदतीला उभे राहतात.

पायरी ९ : दुसरी फेरी आणि नंतर

दिवाळीनंतर पायरी ३, ४ आणि ५ पुन्हा घ्या. आकडे आणि उतारे बदला, कल्पना त्याच ठेवा. तेव्हाही 'मोठी दरी' तशीच असेल, तर मार्ग बदलण्याचा विचार मोकळेपणाने करा. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाता येतं. आवडीच्या विषयात घराजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करता येतं. एखादं मूल वर्षभर काम करत मुक्त विद्यापीठातून सुरुवात करतं, तेही ठीक.

प्रवेश झाल्यावर, पहिल्या अंतर्गत परीक्षेच्या आधी, मुलाला एक फोन करा. जेवलास का, याच्या पुढे जाऊन तीन प्रश्न विचारा : या आठवड्यात कुठलं पान समजलं नाही? ते कुणाला विचारलंस? आणि विचारलं नसशील तर उद्या कुणाला विचारणार?